पाच केस, मुळं डावीकडे

५ जानेवारी

मामा,

नमस्कार. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय घरी फोन करू नकोस. फोन आईच्या खुर्चीशेजारी असतो.

माझं लग्न ठरल्याचं तुला कळलंच आहे. बावीस फेब्रुवारी, सकाळी अकरा. नोंदणी कचेरीत सह्या, खालच्या मजल्यावरच्या सभागृहात जेवण, संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कमी बोलतो, आणि बोललं की मागे घेत नाही.

आता मुद्दा. त्या दिवशी माझे केस तू बांधावेस असं मला वाटतं. परवा जेवताना मी तसं बोलले. बाबांनी लगेच ताटात मान घातली. आई म्हणाली, "त्याचा हात माझ्या मुलीच्या डोक्याला लागणार नाही." मी म्हटलं, अगं, सत्तावीस वर्षं झाली. ती म्हणाली, "डाग अजून तसाच आहे." आणि जेवण अर्ध्यावर टाकून उठली, कपाटातून लग्नाचा दाखला काढून आणला, आणि माझ्या वाटीशेजारी ठेवला.

ती गोष्ट मला पाठ आहे. आईच्या लग्नात तू तिच्या डोक्यावर तीन मजली अंबाडा उभा केलास, ती सही करायला वाकली, आणि तिन्ही मजले दौतीला सोबत घेऊन कागदावर उतरले. बाबांची सही त्या निळ्या डबक्याखाली आहे असं म्हणतात. आमच्या घरात अजून भिंतीवरची फळी निखळली किंवा खुर्चीचा पाय डगमगला तर पहिला प्रश्न एकच असतो: "मामानं बसवलं होतं का?"

आईचा बेत असा की गल्लीच्या तोंडाशी पार्लर आहे, तिथली बाई येईल आणि गंगावन जोडून भलामोठा अंबाडा घालेल. "नवरी मागूनसुद्धा नवरी दिसली पाहिजे." गंगावन आणूनही झालंय. माझ्या खोलीच्या दारामागे लटकतं. सकाळी डोळा उघडला की वाटतं कुणीतरी पाठ करून रुसून उभं आहे.

दोन दिवस घासाघीस केल्यावर आई इतकी खाली आली: "काय करणार ते त्यानं आधी कागदावर दाखवावं. एकतीस तारखेच्या आत. पटलं तर बघू." हे तिच्याकडून पुष्कळ आहे.

माझे केस फार लांब नाहीत, फार आखूडही नाहीत. काय जमेल ते कळव.

मुंगी

११ जानेवारी

मुंगे,

सुखी राहा. पत्र दोनदा वाचलं. एकदा आनंदासाठी आणि एकदा चुका काढण्यासाठी.

अंबाडा तीन मजली नव्हता. अडीच होता. दौत टेबलाच्या कडेला ठेवणारे गृहस्थ तुझ्या बाबांचे काका, त्यांना आजवर कुणी एका शब्दानं बोललेलं नाही. आणि शाई निळी नव्हती, काळसर जांभळी होती. सत्तावीस वर्षांत विटून निळी झाली असेल. एवढं सोडलं तर अंबाडा मी घातला होता आणि तो पडला, हे खरं आहे. त्यावर मला जास्त बोलायचं नाही.

तुझ्या लग्नात तुझे केस मी बांधायचे म्हणतेस. मामी म्हणाली की पत्र वाचल्यावर मी दुकानात तीन गिऱ्हाइकांना ते सांगितलं. दोनच होती.

पण "फार लांब नाहीत, फार आखूडही नाहीत" हे काय माप झालं? तुझ्या चष्म्याच्या दुकानात उद्या कुणी येऊन म्हणालं की मला फार दिसत नाही, अगदीच दिसत नाही असंही नाही, तर तू कुठली काच घासायला घेशील? मला कुणी शिकवलेलं नाही. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम सोडलं आणि चोवीस वर्षं मी केसच पाहतो आहे. त्यातून एक गोष्ट कळली, ती कुठल्याही शाळेत फुकट मिळाली नसती. केशरचना नवरीला कुठली आवडते ते नंतर विचारायचं. आधी केस किती आहेत ते विचारायचं. हनुवटीपाशी संपणाऱ्या केसांना अंबाडा मागणं म्हणजे रुमालात गादी बांधणं. ते कानामागे नेटके बसवायचे, एक बाजू मोकळी ठेवायची आणि मानेला तिचं काम करू द्यायचं. खांद्याला टेकले की दोन पीळ घालता येतात. पाठीच्या मध्यापर्यंत आले की मग घाल काय घालायचं ते. आणि कमरेखाली असतील तर आधी वजनाचा विचार कर, कारण चार तास ते डोकं ती बाई सांभाळणार असते, आपण नाही. उसना केस मी जोडत नाही. उसना केस पाहुण्यासारखा असतो. त्याला घर आपलं वाटत नाही, तो पहिल्या संधीला उठतो.

तुला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तू कॉलेजात होतीस आणि दोन वेण्या घालत होतीस. त्यावर आज काम करता येणार नाही. म्हणून सांगतो ते कर. डोकं धू. दुसऱ्या दिवशी कोरडे केस विंचर. कंगव्यात येतील त्यातले पाच अख्खे केस घे; मुळाशी बारीक गाठ दिसते तोच अख्खा. जाड कागदावर एकाखाली एक सरळ चिकटव, मुळं डावीकडे. लांबीचा आकडा लिहू नकोस. आकडा वाचला की माझं डोकं पुढं पळतं. मी स्वतः मोजेन. माप माणूस चुकवतो, केस खोटं बोलत नाही.

ताईला सांग, एकतीसच्या आत कागद येईल.

मामा

१७ जानेवारी

मामा,

सांगितलंस तसं सगळं केलं. काल धुतले, आज विंचरले, पाच मिळवायला दोनदा विंचरावे लागले. चिकटवायला दुकानातला काच चिकटवायचा डिंक आणला, तो वाळल्यावर दिसत नाही. आमचे मालक म्हणाले, "लग्नाच्या तयारीत हे कुठलं खातं?" मी म्हटलं, मोजणी.

आकडा लिहिलेला नाही. लिहायला हात शिवशिवत होता, पण नाही लिहिला.

एक नवल. मला आज लवकर निघायचंय, तर पाकीट बंद करून पोस्टात टाकण्याचं काम आईनं आपणहून मागून घेतलं. तुझं पत्रही तिनं वाचलं, आणि दोनदा विचारलं, "मुळं डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?" मी सांगितलं, वाचणाऱ्याच्या. मामा, मला वाटतं ती पाघळते आहे.

मुंगी

२४ जानेवारी

मुंगे,

आधी हे सांग, असले केस असताना तुझी आई गंगावन आणते कशी? चष्म्याची काच घासणारी तर तुमच्या घरातच आहे.

पाकीट आल्यावर हात धुऊन बसलो. पाचही केस साडेतेवीस ते चोवीस इंचांच्या मध्ये. याचा अर्थ टोकं एका रेषेत आहेत, कुणीतरी नीट कापली आहेत. केस जाड, हलकासा वळणदार, मुळापासून चार बोटांवर डावीकडे झुकणारा. घराण्याचा केस आहे, तुझ्या आजीचा असाच होता. साडेतेवीस इंचांना तू "फार लांब नाहीत" म्हणतेस. विनयाला काही मर्यादा असते.

दोन गोष्टी मात्र बोललो नाही तर मन खाईल. तू रंग लावतेस, हे मला सांगितलं नव्हतंस. आणि पाचातल्या दोन केसांच्या मुळाशी पाव इंच पांढरं आहे. सव्विसाव्या वर्षी. घाबरू नकोस, लवकर पिकणारी माणसं असतात. पण काच घासताना दिवा आणखी जवळ घे आणि वेळेवर जेवत जा.

आता काम. दुकानात सरावासाठी एक रबरी डोकं आहे. त्यावर बरोबर साडेतेवीस इंचांचे केस चढवले, तुझ्या पाच केसांशी जुळतील असे निवडून. गेले चार दिवस दुकान बंद झालं की त्याच्याशी बसतो. मामी म्हणते, घरात तेवढ्याच एका डोक्याशी माझं पटतं. अकरा प्रकार करून पाहिले. दहा मोडले. अकरावा सोबतच्या कागदावर आहे, पुढून, मागून आणि उजवीकडून. चार पेडांची वेणी, ती सैल ठेवून मानेवर उतरवायची, आणि तिथं स्वतःभोवती गुंडाळून सपाट अंबाडा. उंची अजिबात नाही. उंची हा अननुभवी माणसाचा शौक. हा अंबाडा मानेला धरून बसतो. डोकं वाकलं तर तोही वाकतो.

रबरी डोकं मी बादलीत उलटं धरून हलवलं. एक केस सुटला नाही. हे ताईला आवर्जून सांग.

मामा

३० जानेवारी

मामा,

बसून वाच.

माझे केस अकरा इंच आहेत. खांद्याला जेमतेम टेकतात. तीन वर्षांपूर्वी काच घासायच्या चाकात एक बट गेली, चाक वेळेवर थांबलं म्हणून नुसती बटच गेली. त्याच संध्याकाळी मी सगळे कापून टाकले, आणि तेव्हापासून तेवढेच ठेवते. मी रंग लावत नाही. मी वेळेवर जेवते.

तुझं पत्र वाचून मला वाटलं, पोस्टात कुणा दुसऱ्याच्या केसांशी अदलाबदल झाली. मग मनात आलं, पोस्टात रोज केसांची किती पाकिटं जात असतील? तोवर आईनं तुझं चित्र खिडकीपाशी नेऊन पुढून, मागून, उजवीकडून बघितलं होतं. म्हणाली, "बरंय. हे चालेल." इतक्या लवकर तिनं आयुष्यात काही पास केलेलं नाही. मी तिच्या डोक्याकडे पाहिलं. मग कागदावरच्या डोक्याकडे. मग पुन्हा तिच्या.

"आई," मी म्हटलं, "तू केस बदललेस."

"बदलले," ती म्हणाली. "तुझे त्या चिंचोक्याएवढ्या लांबीचे पाठवले असते तर त्यानं काहीतरी चापूनचोपून दिलं असतं. मला अंबाड्याचं चित्र हवं होतं. आता गंगावन जोडून हेच करू."

माझे पाच केस तिनं कागदावरून सोलून काढले, स्वतःचे पाच चिकटवले, मुळं डावीकडे. डिंकही माझाच वापरला.

आधी मी चिडले. मग मला हसू फुटलं, कारण तू तिला वेळेवर जेवायला सांगितलं होतंस. मग पुन्हा चिडले. मी विचारलं, म्हणजे मामानं बांधलेले चालणार तुला? तिनं चित्राची घडी घातली. म्हणाली, "चित्र बरंय. हाताचं मला माहीत नाही."

मला गंगावन नको, मामा. मला माझेच अकरा इंच हवेत. आणि तू हवास. रागावू नकोस.

मुंगी

४ फेब्रुवारी

मुंगे,

रागावलो नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं, एवढंच.

ताईवर माझी काहीच तक्रार नाही. तिनं जे केलं ते तिच्या स्वभावाला धरून केलं. तक्रार माझी माझ्यावर आहे. केस खोटं बोलत नाही असं मी तुला ठणकावून लिहिलं, आणि केस खोटं बोललाही नाही. रंग लावलेला होता, मुळाशी पांढरा होता, घराण्याचा होता. पन्नाशीच्या बाईचा केस आहे हे तो पाच वेळा सांगत होता. सख्ख्या बहिणीचा केस इतके दिवस माझ्या टेबलावर पडून होता आणि मी त्याला भाचीचा म्हणत बसलो, वर तिला जेवणाचे सल्ले दिले. एवढं ज्याला ओळखता येत नाही त्यानं नवरीच्या डोक्याला हात लावू नये. हाताचं मला माहीत नाही, असं ताई म्हणाली. मलाही नाही.

मी लग्नाला येईन. मामीबरोबर, चांगले कपडे घालून, रिकाम्या हातानं. जेवीन आणि परतेन. केस पार्लरवालीकडून बांधून घे.

मात्र तिला गंगावन जोडू देऊ नकोस, आणि हे पत्र तिला वाचायला दे. अकरा इंच म्हणजे खांद्याला टेकणारे, त्यांचा भांग मधोमध पाडायचा नाही, डाव्या भुवईच्या उंचवट्यावर पाडायचा, कारण तुझा उजवा गाल भरलेला आहे. दोन्ही कानांच्या वरून एकेक पीळ घ्यायचा, बोटाएवढा, त्याहून जाड नाही. पीळ आतल्या बाजूला घालायचा. बाहेरच्या बाजूला घातला तर दुपारपर्यंत उलगडतो. दोन्ही मागे आणून मानेच्या खळगीत भेटवायचे. खालचे केस वर दुमडून त्यात खोवायचे, गाठ लिंबापेक्षा मोठी करायची नाही. मोठी करायचा मोह होईल. करायची नाही. मानेवरचे बारीक केस पाण्याचा हात लावून बसवायचे, त्याला फवारा मारायचा नाही, कडक होऊन टोचतात आणि नवरी दिवसभर मान खाजवते. आधी सैल कर आणि मग पिना लाव, उलटं नको. कानापासून दीड बोट सोडून पहिली पीन.

ती बाई चुकली तर सांगायला तिथं कुणी असणार नाही, याचंच वाईट वाटतं. पण ते असो.

मामा

८ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र माझं आहे, दचकू नकोस. मला लिहायची सवय नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

मुंगीनं तुझं पत्र मला वाचून दाखवलं. आधी तू केसांना हात लावणार नाहीस म्हणालास, मग मानेच्या खळगीत काय करायचं ते पाऊण पान लिहिलंस. लहानपणी रुसून जेवायला नाही म्हणायचास आणि काय वाढलंय ते दारातून विचारायचास, तसंच.

मला एक सांगायचंय. सत्तावीस वर्षं सांगायचं राहिलं, आणि जेवढं राहिलं तेवढं जड झालं.

माझ्या लग्नाच्या आधी तू मला बजावलं होतंस, ताई, दोन दिवस केस धुऊ नकोस. धुतलेला केस निसटतो, पीन धरत नाही. बोललास की नाही? बोललास. मी त्या दिवशी पहाटे उठून धुतले. मला वाटलं, बावीस वर्षांच्या पोराला काय कळतंय, छापखान्यात खिळे जुळवतो आणि मला शिकवतो. मला केसांना वास यायला हवा होता. साबण नवीन आणला होता. पंख्यासमोर बसून वाळवले, तेल लावल्यासारखे दिसावेत म्हणून हातानं चोळले, आणि तुझ्यापुढं येऊन बसले.

मग ते झालं. सगळे तुझ्याकडे वळले. तू लाल झालास. मी म्हणू शकले असते. मी डोकं धरून उभी होते, शाई कोपरावरून ठिबकत होती, आणि नवऱ्याकडची माणसं हसत होती. मला वाटलं, हसतायत तर माझ्यावर हसण्यापेक्षा त्याच्यावर हसू देत. उद्या सांगेन. उद्या तू गावाला गेलास. मग ती घरातली गंमत झाली, आणि गमतीत मध्येच खरं कसं घुसवायचं मला कळेना. फळी पडली की मामानं बसवलं होतं का, हे वाक्य पहिल्यांदा मीच म्हटलं होतं.

केस बांधायला तू मलाच दाखवून देण्यासाठी शिकलास हे मला कळत नव्हतं असं नाही. तुझं दुकान झालं तेव्हा मी आले नाही. पाठदुखीचं सांगितलं. पाठ दुखत नव्हती.

आणि पाच केसांचं. मुंगीला मी गंगावनाचं कारण सांगितलं, ते खोटं नाही. पण कागदावर माझे केस लावताना माझ्या मनात असंही आलं, की बघू या, माझ्या केसांचं तो आज काय करतो. चित्र मी उशाशी ठेवलंय.

तू ओळखलं नाहीस म्हणून तोंड पाडून बसू नकोस. सत्तावीस वर्षांत तुला बघायला दिले कुठे होते?

ये. कंगवा घेऊन ये.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मामीला वाचायला दिलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघून अर्धं वाचलं.

तू धुतले होतेस हे मला माहीत होतं.

तेव्हाच माहीत होतं. पहिली बट हातात घेतली आणि ती बोटांतून गेली, मासा जातो तशी. नव्या साबणाचा वास तर दारातूनच येत होता. तुला वाटलं लपलं. केस ज्याच्या हातात आहे त्याच्यापासून काय लपणार? म्हणून मी पिना दुप्पट लावल्या, आणि त्यानं आणखी बिघडलं, कारण निसरड्या केसात पीन हे नुसतं वजन असतं.

तिथंच थांबून मला म्हणता आलं असतं, ताई, आज अंबाडा राहणार नाही, साधी वेणी घालू. पाच मिनिटांचं काम होतं. वेणी पडली नसती. पण बाहेर पन्नास माणसं ताटकळत होती, आणि त्यांना माझा अंबाडा दिसायला हवा होता. मी रात्रभर पाटावर दोऱ्याचा गुंडा घेऊन त्याचा सराव केला होता. तू वासासाठी धुतलेस, मी उंचीसाठी गप्प बसलो. त्यातलं कुणाचं मोठं, ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही. पण डोकं तुझं होतं आणि कंगवा माझा होता. कंगवा ज्याचा, जबाबदारी त्याची. हा नियम मी त्या दिवशी केला, आणि दुकानात आजही तोच चालतो. गिऱ्हाईक धुतलेले केस घेऊन आलं तर मी वेणीच घालतो, रडलं तरी.

हे मी तुला सांगितलं असतं तर तुला बोलावं लागलं असतं. तू बोलली नाहीस, तेव्हा मीही विषय काढला नाही. आपण दोघांनी मिळून एक डाग नीट सांभाळला.

पत्रातलं एक चूक आहे. पोर बावीसचं नव्हतं, तेवीस पूर्ण होऊन चार महिने झाले होते.

वीस तारखेला दुपारच्या गाडीनं येतो. घरातल्या दोघींनीही डोकी वीसच्या सकाळी धुवायची. त्यानंतर पाण्याचा थेंब लागता कामा नये. मी हात लावल्यावर मला कळेल, हे आता तुला माहीत आहे.

रबरी डोकं बरोबर आणत नाही. साडेतेवीस इंच तिथं तुझ्या डोक्यावरच आहेत.

धाकटा

२६ फेब्रुवारी

मामा,

तू गेल्यावर लगेच लिहिणार होते, पण नव्या घरात लिहायला टेबल नव्हतं. काल आलं. लिफ्टवाल्यानं स्वतः बसवलं. पाय हलवून पाहिला आणि मला म्हणाला, "मामांनी बसवलं असतं तर आणखी घट्ट बसलं असतं." आपल्याकडचं वाक्य त्यानं असं वापरलं, बघ. त्याला अजून कुणी समजावलेलं नाही आणि मी समजावणार नाही.

अकरा इंचांचं त्या दिवशी काय झालं ते तुला आरशात दिसलंच. पण तुला न दिसलेलं सांगते. तू पीळ घालत होतास तेव्हा आई दाराशी उभी राहून तुझ्या हातांकडे बघत होती. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा ती म्हणाली, "थोडी मोठी नाही का होणार?" तू म्हणालास, "नाही." ती "बरं" म्हणाली. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला. त्यांनी लग्न झाल्यापासून तो शब्द इतका सरळ ऐकला नव्हता.

लिफ्टवाल्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, "तू आहेस तशीच दिसतेस." मी सबंध जेवणभर कौतुकाची वाट पाहिली. संध्याकाळी लक्षात आलं, ते होऊन गेलं होतं.

साक्षीदाराच्या सहीचं मात्र मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. आईचं नाव पुकारलं, ती टेबलापाशी गेली, आणि तुझा तो सपाट अंबाडा घेऊन काठीसारखी ताठ उभी राहिली. कारकून म्हणाला, इथं सही करा. ती म्हणाली, "वही वर धरा." तो म्हणाला, बाई, वही सहा किलोची आहे. ती म्हणाली, "मग दोघं धरा." बाबांनी दौत उचलून खिशापाशी धरली होती. आणि तू मागून हळू आवाजात म्हणालास, "ताई, वाक."

ती वाकली. नाक कागदाला टेकेल इतकी वाकली, गरज नसताना. आणि तशीच वाकून तिनं आपलं नाव पूर्ण लिहिलं, मधल्या नावासकट, जे ती बँकेतही लिहीत नाही.

आता एक अडचण आहे, आणि तीच सांगायला बसले. आज पाचवा दिवस. काल घरी जाऊन आले. आईनं अंबाडा सोडलेला नाही. खुर्चीत बसून झोपते, मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून. भाजीवाली, शेजारीण, पार्लरवाली, सगळ्यांना पाठ करून दाखवून झालंय. पार्लरवाली दोनदा येऊन गेली, दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन. बाबांनी भीत भीत विचारलं, आता धुवायचे कधी? ती म्हणाली, "त्यानं पाणी लावू नका म्हणून सांगितलंय. कधीपर्यंत ते सांगितलेलं नाही."

मामा, तिला कृपा करून लिही.

मुंगी

१ मार्च

ताई,

धू. कोमट पाण्यानं. आधी पिना काढ, मोजून. एकोणीस आहेत. अठराच मिळाल्या तर एकोणिसावी डाव्या कानामागे, वरून तिसऱ्या वळणात असेल. ती ओढू नकोस, तिरकी लावली आहे, उजवीकडे सरकवून काढ.

धुऊन झाल्यावर कंगव्यात येतील ते केस टाकू नकोस. पाच पाठव. या वेळी तुझे आहेत असं वर लिही. मे महिन्यात दुकान आठ दिवस बंद आहे, तेव्हा येतो. उंच काहीतरी घालून बघू.

धाकटा